जेटीकडे टाकलेली रापण

गोबरा लागला तेव्हा सात वाजून गेले होते, आणि मला आधी वाटलं की गरी दगडात अडकली. मी शिवी घातली. मग दोरी हातातून अशी सरसर सुटली की बोटं भाजली.

"अरे मेल्या, थांब!" मी माशाला ओरडलो. पॅडलबोर्डवर एकटाच उभा असलेला माणूस माशाशीच बोलतो. दुसरं असतं कोण तिथे?

आमच्या मोरवेळ बंदराला समुद्रात तीनशे पावलं आत गेलेली दगडी जेटी आहे. कपाटाएवढे काळे दगड नुसते एकावर एक टाकलेले. त्या दगडांच्या पोकळ्यांत गोबरे राहतात, तांबोसे राहतात. होडी तिथे नेता येत नाही, आपटून फुटेल. पण माझ्या बोर्डाला हातभर पाणी पुरतं. मी त्यावर उभा राहून हळूहळू वल्हवत जायचो, दगडांपासून दोन हात अंतर ठेवायचो आणि गरीला सोललेलं सुंगट, म्हणजे कोळंबी, लावून नेमकं बिळाच्या तोंडाशी सोडायचो. अख्ख्या वाडीत हे मी एकटाच करायचो, त्याची मला घमेंड होती. आठ वाजता परत, कारण मग पर्यटक यायचे. तासावर बोर्ड भाड्याने देणं हा माझा धंदा. मासे वरचे.

वाडीतले लोक बोर्डाला फळी म्हणायचे. माझा बापूसही म्हणायचा. "फळयेर उभ्यान मासे मारता माझो झील," असं तो कुणालाही सांगायचा, आणि ते कौतुक आहे की लाज, हे मला कधी कळलं नाही.

आता गोबऱ्याची खोड अशी, की गरी लागली की तो मोकळ्या पाण्यात पळत नाही. बिळात शिरतो, कल्ले फुगवतो आणि गच्च बसून राहतो. अशा वेळी एकतर दोरी तोडायची नाहीतर वाट बघायची. मी शहाणा. मी दोरी मनगटाला गुंडाळली, बोर्ड दगडाला लावला, गुडघ्यावर बसलो आणि बिळात हात घालायला वाकलो.

लहान लाटा येतात, मग एक मोठी येते. हे मला चालायला यायच्या आधीपासून माहीत आहे. त्या दिवशी मोजलं नाही, एवढंच.

बोर्ड वर उचलला गेला, खालचं पातं दगडावर आपटलं आणि मी उडालो. पडलो तो उभाच पडलो, पण उजवा पाय दोन दगडांमधल्या फटीत गुडघ्यापर्यंत गेला. त्यातला धाकटा दगड कशाचा तरी आधार घेऊन बसला होता. तो आधार माझ्या पायाने सुटला. दगड कलला आणि बसला.

दुखलं नाही. म्हणूनच मी घाबरलो. पाय ओढला, तर पाय माझा नसल्यासारखा तिथेच. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा मात्र दुखलं, आणि मी आईच्या नावाने बोंब मारली.

घोट्याला बांधलेली बोर्डाची पट्टी पडतानाच सुटली होती. बोर्ड वीसेक हातांवर जाऊन दगडांत उलटा रुतला. त्याला बांधलेल्या डब्यात माझा सुरा होता आणि फोन होता. थोड्या वेळाने फोन वाजायला लागला. पर्यटक असतील, नाहीतर बायको. डब्यात वाजून वाजून थांबला, परत वाजला. वीस हात. वल्हं लांब करून पोचतं का बघितलं. नाही पोचलं.

पाणी तेव्हा मांडीला लागत होतं. समोरच्या दगडावर कालवांची पांढरी रेघ होती. जिथवर भरतीचं पाणी चढतं तिथवर कालवं चिकटतात. ती रेघ माझ्या डोक्यावर हातभर उंच होती. भरती पूर्ण व्हायची सव्वाबाराला. मी हिशेब केला. साडेनऊला छाती, दहाच्या पुढे गळा.

"काय घाबरायचं नाय," मी मोठ्याने म्हणालो. आवाज घाबरलेलाच आला.

वल्ह्याचा दांडा फटीत घातला आणि दगड उचकटायला गेलो. दांडा ॲल्युमिनियमचा, जाहिरातीत लिहिलं होतं हलका आणि मजबूत. हलका होता. काटकोनात वाकला. दगडाला त्याचा पत्ताही लागला नाही. आणि मनगटाला गुंडाळलेल्या दोरीवर तो गोबरा मधूनच हिसका देत होता. तो त्याच्या बिळात, मी माझ्या. मला हसूही आलं खरं सांगतो, दोन मिनिटं.

आमच्या नौका पहाटे चारला गेलेल्या, दुपारी येणार. बंदरात चिटपाखरू नव्हतं. माणसं होती ती फक्त दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावर. रापणीची माणसं, पन्नास-साठ जण, वाळूत होडी तयार ठेवून बसलेली. मला ती माणसं मुंगीएवढी दिसत होती. आणि त्यांच्या मागे वाळूच्या उंचवट्यावर, सुरूच्या झाडाखाली, एक उभा माणूस. तो माझा बाप. भिवा कोयंडे.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. एक टोक किनाऱ्यावर धरून होडी जाळं सोडत समुद्रात वळसा घेते, दुसरं टोक परत किनाऱ्यावर आणते, आणि मग सगळी वाडी दोन्ही दोर ओढते. पण जाळं कधी आणि कुठे टाकायचं हे सांगतो एकच माणूस. त्याला आमच्याकडे बघणारो म्हणतात. पाण्याचा रंग, पक्ष्यांचं वागणं, अंगावर आलेला शहारा असावा तशी पाण्यावर उठलेली बारीक थरथर, हे त्याला दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही. त्याने खांद्यावरचा तांबडा पंचा वर केला की होडी पाण्यात. विचारायचं नाही. कुठे आहे मासळी, किती आहे, नक्की आहे का, एक शब्द नाही. रापणीचे प्रमुख जयरामकाकासुद्धा विचारत नसत. विचारेपर्यंत मासळी निघून जाते. आणि बघणाऱ्याचा शब्द एकदा जरी खोटा निघाला, तरी त्याने आपण होऊन पंचा घडी करून होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ठेवायचा आणि दोराच्या शेपटीला जाऊन उभं राहायचं. कुणी सांगायचं नसतं.

माझ्या बापाचा पंचा एकतीस वर्षांत एकदाही खोटा पडला नव्हता.

म्हणजे मला फक्त त्यांना दाखवायचं होतं की मी अडकलोय. आणि नेमकं तेच मी पंधरा दिवसांपूर्वी घालवून बसलो होतो.

झालं होतं असं. धंद्याच्या परवान्यासाठी बुडणाऱ्याला वाचवायचा सराव करून त्याचं चित्रण पाठवायचं होतं. मी दोन पोरांना याच जेटीजवळ पाण्यात उतरवलं, नारिंगी जाकीट वल्ह्याला बांधून जोरजोरात हलवायला लावलं आणि स्वतः फोन धरून उभा राहिलो. तेव्हा रापण अर्धी ओढून झाली होती. किनाऱ्यावरच्यांना वाटलं कुणीतरी बुडतंय. आठ जण दोर टाकून होडी घेऊन निघाले, दम लागेपर्यंत वल्हवत आले. दोर सैल पडला, जाळ्याचं तोंड उघडलं आणि आत आलेला बांगडा गेला. आणि मी काय केलं? हसलो. "काका, ट्रेनिंग आसा! झ्याक इलात पण!"

जयरामकाका पाण्यात थुंकले आणि होडी वळवली.

संध्याकाळी सभा बसली. हेम्याच्या, म्हणजे माझ्या, हात हलवण्यावर यापुढे होडी पाण्यात जायची नाही, जाईल ती फक्त भिवाच्या पंचावर, असं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. माझ्या बापानेही केला.

घरी आल्यावर मी भडकलो. "तुमी पण? पोटच्या पोरावर?"

"बरोबर आसा तेंचा," बाबा म्हणाले. "साठ घरांची आमटी गेली तुझ्या हसण्यात."

त्यानंतर पंधरा दिवस आम्ही एका घरात राहून बोललो नव्हतो. तो पानावर बसला की मी उठायचो.

तर आता मी काय करणार? तेच केलं. अंगातलं जाकीट तसंही नकोसं झालं होतं. पाणी चढेल तसं ते मला वर ओढायचं आणि गुडघा खाली अडकलेला, जीव जायचा. ते काढलं, वाकड्या वल्ह्याला बांधलं आणि हलवायला लागलो. नारिंगी जाकीट, तेच वल्हं, तीच जेटी.

किनाऱ्यावर माना वळलेल्या मला दिसल्या. मग एकाने उठून लुंगी सोडून माझ्याकडे बघत फडकवली. दुसरा नाचून दाखवायला लागला. मला त्यांचं हसणं ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं. थोड्या वेळाने खेळ संपला आणि सगळे परत पाठ करून बसले.

"शिरा पडो तुमच्यार!" मी ओरडलो. "मरतंय रे मी!" वारा तोंडावर होता. माझं ओरडणं माझ्याच कानात परत आलं.

पाणी पोटाला लागलं, मग छातीला. थंडी भरली. पायात आता दुखणंही राहिलं नव्हतं. मी जाकीट हलवत होतो, हात भरून येत होते, थांबत होतो, परत हलवत होतो. एक लाट आली आणि वल्हं हातून गेलं. जाकीट घेऊन दगडांच्या पलीकडे निघून गेलं. मग नुसते हात.

मला रेवा आठवली. माझी मुलगी, तेव्हा चार वर्षांची. सकाळी झोपेतच तिने माझं बोट धरलेलं आणि मी ते सोडवून आलो होतो. मी रडलो. लाजायचं काय त्यात? मला मरायचं नव्हतं. असल्या फटीत, उभ्याउभ्या, किनाऱ्यावर साठ माणसं बसलेली असताना तर मुळीच नाही.

मनगटावरची दोरी आता हाताला खाली ओढत होती. तो मेला गोबरा अजून जिवंत होता. मला दोन्ही हात वर हवे होते. मी मनगट तोंडापाशी नेलं आणि दोरी दातांनी तोडली. चांगला सात-आठ किलोचा असेल. गेला.

नंतर किती वेळ गेला सांगता येणार नाही, फार नसावा. लाट आली की पाणी हनुवटीला लागायचं, ओसरली की खांद्याला. आणि मग मी बघितलं, उंचवट्यावर तांबडा पंचा वर गेला.

माणसं उठली. होडी पाण्यात. जाळं सुटायला लागलं.

मी तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला बापाचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. मी इथे मरतोय आणि याला बांगडा दिसतोय! पोरगा दिसत नाही, मासा दिसतो! मी त्याला त्या पाण्यात उभा राहून काय काय बोललो ते लिहिणार नाही.

पंचा डावीकडे हलला. होडी डावीकडे वळली, म्हणजे माझ्या बाजूला. पंचा परत डावीकडे. होडी आणखी वळली. मग वल्ही थांबली. मला कारण कळलं. रापण कधी जेटीकडे टाकत नाहीत, जाळं दगडांत फाटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सुकाणूवर जयरामकाका उभे होते. त्यांनी मागे वळून उंचवट्याकडे बघितलं.

पंचा तिसऱ्यांदा डावीकडे हलला.

वल्ही परत चालू झाली. कुणी विचारलं नाही.

होडी पन्नास हातांवर आली तेव्हा मी हाक मारली. नाळेवर बसलेल्या सुदेशने, माझ्याच वयाचा तो, मान वळवली.

"हेम्या? मेल्या, तू हंय काय करतंस? आमची मासळी खंय?"

"पाय..." मी म्हणालो. तोंडात पाणी गेलं. "काका, पाय अडाकलो. दगडात."

जयरामकाकांनी माझ्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, कालवांच्या रेघेकडे बघितलं. मग पुन्हा एकदा मागे किनाऱ्याकडे. नको तेवढा वेळ बघितलं असं मला वाटलं.

"काका!"

"गप ऱ्हव. तोंड मीट, पाणी जाता." आणि मग सुदेशला, "जाळ्याच्या टोकाचो दोर घे. दगडाक फास घाल. धाकट्याक."

"काका, जाळा लागतला दगडांक. फाटतला."

"फाटू दी!"

सुदेशने बुडी मारली, वर आला, परत मारली. दोघांनी होडी वल्ह्यांनी दगडांपासून लांब धरून ठेवली. एकाने माझं डोकं केसांना धरून वर धरलं. सुदेश वर आला आणि म्हणाला, "फास बसलो." जयरामकाकांनी वल्हं सरळ आभाळाकडे उभं केलं. उंचवट्यावर पंचा गोल फिरला. ओढा.

किनाऱ्यावर साठ माणसांनी रापणीचा दोर ओढला. बायका होत्या, म्हातारे होते, शाळेत न गेलेली पोरं होती. दोर पाण्यातून ताठ वर आला. त्यांना काय ठाऊक दोराच्या टोकाला काय आहे? नंतर कळलं की ती माणसं आनंदाने ओरडत होती, "जड आसा! जड आसा रे!"

माझ्या नाकावरून पाणी गेलं. मी डोळे मिटले. पायाजवळ कुठेतरी कर्रकन आवाज झाला, दगड चार बोटं सरकला आणि मला कुणीतरी बगलेत हात घालून उपटलं. पायाची कातडी तिथेच राहिली. नडगी दोन ठिकाणी मोडली होती. पण मी होडीत होतो, आणि सुदेश माझ्या छातीवर बसून मला शिव्या देत होता.

मला वाळूत ठेवलं तेव्हा जाळंही वर आलं होतं. तीन ठिकाणी फाटलेलं. आत दोन खेकडे आणि एक चप्पल.

"भिवातात्यानू, मासळी?" कुणीतरी विचारलं.

बाबा उंचवट्यावरून खाली आले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, चार घड्या घातल्या आणि होडीच्या नाळेवर ठेवला.

"नजर चुकली," ते म्हणाले. "म्हातारो झालंय."

आणि दोराच्या शेपटीला जाऊन उभे राहिले. माझ्याजवळ आले नाहीत. मला रिक्षात घालताना मात्र कुठूनसे आले, दोन बोटांनी माझ्या पायाचा अंगठा दाबला, तो हलला ते बघितलं आणि गेले.

तीन महिने प्लास्टर होतं. प्लास्टरमध्येच मी ही गजाल सांगायला लागलो आणि पुढे नऊ वर्षं सांगत राहिलो. पर्यटकांना फार आवडायची. "माझा बाप डोळ्याने गेला म्हणून मी वाचलो! त्याला वाटलं बांगड्याचा थवा आलाय. थवा कसला, मीच उभा होतो बोंबलत! म्हातारा आणखी एक वर्ष चांगला बघू शकला असता तर आज तुम्हाला बोर्ड कोणी दिला असता?" लोक पोट धरून हसायचे. बाबा तिथेच मांडवात जाळं विणत बसलेले असायचे. मान वर करायचे नाहीत. रापणीची माणसं असली तर ती हसायची नाहीत. मला वाटायचं, जाळं फाटल्याचा राग यांच्या मनातून अजून जात नाही. काय कोती माणसं!

बापाशी मी परत बोलायला लागलो होतो, पण ते दयेचं बोलणं होतं. "डोळे तपासून घेऊया बाबा," दर वर्षी म्हणायचो.

"माका काय पेपर वाचूचो आसा?"

दर वर्षी तेच उत्तर. नऊ वर्षं हा माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला नाही.

या वर्षी शाळेत नेत्रतपासणीचं शिबिर भरलं. रेवा आता तेरा वर्षांची, तिथे नाव नोंदवायला बसलेली. तिने आजोबांचं नाव घातलं आणि हात धरून ओढतच आणलं. तिला ते नाही म्हणू शकत नाहीत. मी सोबत गेलो.

डॉक्टर म्हणजे एक तरुण पोरगी होती. भिंतीवर तक्ता, त्यावर वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या खुणा. बाबांनी बोटाने दिशा दाखवायच्या. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. शेवटची ओळ आली आणि ते दाखवतच राहिले. डॉक्टर उठली. तिने त्यांना मागे नेलं, अगदी दारापर्यंत. परत शेवटची ओळ. मी त्यांच्याशेजारी उभा होतो, मला ती ओळ म्हणजे नुसती धूळ दिसत होती.

"आजोबा, लांबचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय की!" ती हसून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आत्ता कुठे सुरू होतोय. काळजीचं काही नाही."

"नऊ वर्षांपूर्वी," मी विचारलं, "तेव्हा कमी दिसत असेल का?"

"तेव्हा कमी कसं दिसेल? तेव्हा याहून चांगलंच दिसत असणार."

बाबांनी टोपी घातली आणि बाहेर पडले.

स्कूटरवर ते मागे बसले होते. अर्ध्या रस्त्यात मी गाडी बाजूला घेतली.

"बाबा, तुमका मी दिसलंय होतंय?"

"गाडी चलव."

"दिसलंय होतंय काय?"

ते म्हणाले, "जाकीट दिसला. आदी म्हटला परत खेळ मांडलो हेना. मगे तू हात तोंडाकडे नेलंस आणि दोरी दातांनी तोडलंस. मासो लागललो असताना तू दोरी तोडणारो नाय. ल्हानपणापास्ना नाय. तेवा कळला."

"मगे सांगूचा ना तेंका, पोरगो मरता म्हणान!"

"सभेत मीच हात वर केललंय. आता कोणत्या तोंडान सांगू? सांगलंय असतंय तर कोण म्हणालो असतो खरा, कोण म्हणालो असतो खोटा. वाद घालीत बसाक पाणी थांबता?"

"आणि माका? नऊ वर्सा माका कित्याक नाय सांगलात?"

"पाय दुखता अजून पावसात?" त्यांनी विचारलं. "चल, उशीर झालो. रापण वढूक जावचा आसा."

त्यांना किनाऱ्यावर सोडलं. रापण अर्धी आली होती. बाबा नेहमीसारखे शेपटीला जाऊन दोराला लागले. मी सरळ जयरामकाकांकडे गेलो. ते आता ऐंशीला आलेत, होडीच्या सावलीत बसतात.

"काका, त्या दिसा बाबांका मी दिसलंय होतंय."

"मगे?" काका म्हणाले.

"तुमका ठावक होता?"

"पंचो तिसऱ्यांदा जेटीकडे हललो तेवा कळला. भिवा जाळा दगडार घालणारो माणूस नाय. आणि तुका बघल्यार उरलासुरला पण कळला. वाडीत सगळ्यांका ठावक आसा."

"मगे पंचो ठेवूक कित्याक लावलात तेंका?"

"आमी लावलंव?" काका चिडले. "आमी धा वेळा सांगलंव, उचल रे भिवा, पंचो उचल. तो म्हणालो, मासळी नसताना मासळी म्हटलंय. शब्द खोटो तो खोटोच. नाय उचलल्यान."

"आणि मी... मी नऊ वर्सा लोकांका हसवीत इलंय..."

"आमका तुझो राग येय. एकदा सुदेश तुका मारूक उठललो. भिवानच धरून ठेवल्यान. म्हणालो, हसता तर हसांदे तेका. मरणाच्या किती जवळ गेललो ता कळला तर पाण्याक भियात. मगे धंदो खंयसून करतलो?"

मी चालत दोराच्या शेपटीला गेलो. बाबा शेवटून पहिले होते. मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि दोराला हात घातला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. त्यांची मान, पांढरे केस, टोपीचा मळका काठ. मला माफी मागायची होती. डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

बाबांनी मागे वळून बघितलं नाही. दोर ओढता ओढता समुद्राकडे बघत म्हणाले,

"तुझो एक बोर्ड सुटलो आसा. जेटीच्या तोंडाकडे."

मी बघितलं. उन्हात चमकणारं पाणी, जेटीचे काळे दगड, बाकी काही नाही. खंय, असं विचारायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

दोर सोडला आणि पाण्याच्या दिशेने धावत सुटलो.